अकरा मिनिटांनी मोठी

माझी बहीण माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी होती. आम्ही जुळ्या, चेहरा अगदी एक. ती लग्न होऊन गिरगावात गेली, मी लालबागलाच आईजवळ राहिले. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी केस विंचरता विंचरता ती खाली बसली, नवऱ्याला म्हणाली, डोकं फार दुखतंय, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. मेंदूत रक्तस्राव. सेहेचाळीस वर्षांची होती. मीही तेवढीच.

मी रडले नाही. हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं तेव्हा मी मागाहून पोचले. तिच्या सासूबाईंच्या बहिणीने दार उघडलं, मला पाहिलं आणि किंचाळून चौकट धरली. मी म्हटलं, "मी धाकटी." आत बहीण जमिनीवर ठेवलेली होती. जमलेल्या बायका आळीपाळीने तिच्याकडे आणि माझ्याकडे बघत होत्या. मी कोपऱ्यात बसून कोणाला पाणी हवंय का ते पाहत होते.

चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त घेण्याचं काम करते. मूठ आवळा, जरा टोचेल, झालं, कापूस दाबून धरा. दिवसभरात हेच. काम बिनचूक होत होतं. जेवत होते, झोपत होते, वजनही कमी झालं नाही. एकदा घरी भाजी चिरताना बोट कापलं, ते रक्त ओट्यावर आलेलं दिसलं तेव्हा कळलं.

आई मात्र बदलली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बाबांच्या गिरणीच्या दिवसांपासून मुंबईत, पण बोली अजून मालवणीच. ती माझ्याकडे बघेनाशी झाली. ताट वाढायची ते खाली बघून. बोलायची ते भिंतीशी किंवा टीव्हीशी. असे तीन-चार महिने गेले आणि एक दिवस तिने माझी पत्रिका कपाटातून काढून टेबलावर ठेवली.

"तुझी नि तिची पत्रिका एकच," ती पत्रिकेकडे बघत म्हणाली. "माका भीती वाटता. कोणाक तरी दाखवून ये गो."

म्हणजे तिला हिशोब लावायचा होता की दुसरीही जाणार का. मला स्वतःला काही जाणून घ्यायचं नव्हतं. पण नाही म्हणायलाही जोर लागतो. मी गेले.

गिरगावात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर ते ज्योतिषी राहत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, गळ्यात चष्म्याची दोरी, पुढ्यात लॅपटॉप. त्यांनी जन्मवेळ टाकली, पडद्यावर कुंडली आली. मी एवढंच विचारलं, "आयुष्य किती आहे?"

"काळजी नको," ते म्हणाले. "अष्टमेश, म्हणजे आयुष्याच्या घराचा स्वामी, चांगला आहे. पंच्याहत्तरीच्या पुढे सहज. सध्या साडेसाती आहे, मन लागत नसेल."

"ही पत्रिका माझ्या बहिणीचीसुद्धा आहे," मी म्हटलं. "आम्ही जुळ्या. ती जूनमध्ये गेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोघींच्या वेळा विचारल्या. पाच दहा आणि पाच एकवीस. ते बराच वेळ काम करत राहिले. लग्नरास दोघींची तीच होती. नवमांश, म्हणजे राशीचा आणखी बारीक भाग, बदलतोय का ते पाहिलं, कागदावर काही मांडलं, खोडलं. आतून त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला, तो दोघांचाही गार झाला. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटला.

"आता मी काहीतरी कारण शोधून सांगू शकतो," ते म्हणाले. "नवमांशात सापडेल, नाही तर आणखी खाली जाऊन सापडेल. गेलेल्या माणसाच्या पत्रिकेत कारण नेहमी सापडतं. पण आधी मला ते दिसलं नव्हतं. तेव्हा खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

मी नमस्कार केला आणि उठले. ते जिन्यापर्यंत सोडायला आले. इतक्या महिन्यांत मला काहीतरी समजावून न सांगणारा तो पहिलाच माणूस होता. पण तेव्हा त्याचंही विशेष वाटलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं, "सगळं चांगलं आहे म्हणाले. पंच्याहत्तरीच्या पुढे."

"तिचा पण तो तसाच बोललो असतो," आई म्हणाली आणि गॅसकडे वळली.

लॅबमध्ये माझ्याहून बारा वर्षांनी मोठी एक सहकारी होती, निवृत्तीला आलेली. आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो. नायगावात राहायची, बौद्ध घरातली. एका दुपारी डबा खाताना ती मला म्हणाली, "तू आज तीन घास नुसते पोळीचे खाल्लेस. भाजी डब्यातच आहे."

मी खाली पाहिलं. खरंच होतं.

"रविवारी सकाळी आमच्या विहारात ध्यान असतं. ये. काही होईल म्हणून येऊ नकोस. बसायला ये."

विहार म्हणजे दोन इमारतींच्या मधली एक बैठी खोली. समोर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, शेवंतीची फुलं, खाली सतरंज्या. पंधरा-वीस माणसं होती. आधी पालीतून वंदना झाली, ती मला येत नव्हती, मी हात जोडून उभी राहिले. मग सगळे बसले. ताई पुढे बसून हळू आवाजात सांगत होती. श्वास नाकाच्या टोकाशी येतोय, जातोय. बदलायचा नाही. फक्त जाणायचा.

चाळीस मिनिटांनंतर तिने विचारलं, "काय जाणवलं?"

"काहीच नाही."

"बरं. काहीच नाही, हे तरी जाणवलं."

मी दर रविवारी जाऊ लागले. चालतच जायचे. एकदा परतताना मी ताईला विचारलं, की तुम्हाला यातून शांती मिळाली का?

ती हसली. "आमच्या घरी बुद्ध शांतीसाठी नाही आला गं. माझे वडील म्हणायचे, मान वर करून चालता यावं म्हणून आला. ध्यान मी फार उशिरा शिकले. नवरा गेल्यावर. तोवर मला वाटायचं, ही रिकामटेकड्या लोकांची कामं."

तिने मला अनात्म म्हणजे काय तेही सांगितलं. 'मी' म्हणून कायमचं धरून ठेवावं असं आत काही नसतं, सगळं येतं आणि जातं. विहारातल्या बाकीच्या लोकांना हे अवघड जायचं, प्रश्न विचारायचे. मला ते लगेच पटलं. लहानपणापासून लोक आमच्याकडे बघून 'ही कोणती?' असंच विचारत आले होते. शाळेत एकदा तिच्या जागी मी तोंडी परीक्षा दिली होती आणि बाईंना पत्ता लागला नव्हता.

पाच-सहा महिन्यांनी ताईने श्वासाच्या पुढचं शिकवलं. मन डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू फिरवायचं, प्रत्येक भागाशी थांबायचं. मी टाळूपासून सुरुवात केली. कपाळ. भुवया. पापण्या. गाल. नाकाची डावी बाजू, जिथे आम्हा दोघींना एकसारखी खाच आहे. तिथे मन थांबलं आणि मला वाटलं, हाच चेहरा चितेवर जळाला.

मी उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. ध्यान अर्धं झालं होतं. ताईने हाक मारली नाही. मी चालत घरी आले, वरणाचा कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका बाईची शीर मला सापडेना. दंड चांगला भरलेला, शीर वर आलेली, तरी मी दोनदा भलतीकडेच टोचलं. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. ताईने माझ्या हातातून सुई काढून घेतली आणि त्या बाईला म्हणाली, "हिला जरा बरं नाहीये." मग मला म्हणाली, "जा, घरी जा. आईकडे जा."

आई दुपारच्या उन्हात खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. मला अवेळी आलेली पाहून घाबरली, आणि पुन्हा नजर ताटात घातली.

"आई, माझ्याकडे बघ."

"बघतंय ना."

"नाही बघत. वर्ष होत आलं."

तिने ताट बाजूला केलं. "तुझ्याकडे बघला की माका तीच दिसता," ती म्हणाली. "मगे वाटता, तू पण गेलंस. म्हणान बघणय नाय."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. काय करावं कळत नव्हतं. रडू यायला हवं होतं, आलं नाही. तिलाही आलं नाही.

"रविवारी काय करतंस थंय?" तिने विचारलं.

"डोळे मिटून बसते."

"माका पण शिकव."

मी तिला सांगितलं, श्वास नाकाशी येतो, जातो, तेवढंच बघायचं. आम्ही समोरासमोर बसलो. खाली रस्त्यावर कोणीतरी भंगारवाल्याशी भांडत होतं. दोन-तीन मिनिटांनी मी डोळे उघडले तर आई माझ्याकडे बघत होती. टक लावून, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"डोळे मीट ना, आई."

"मिटतंय गो. जरा बघूक दी."

मी पुन्हा डोळे मिटले आणि तिला बघू दिलं. किती वेळ ते मी पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी तीही यायला निघाली. साडी बदलली, आणि दारात थांबून हळूच म्हणाली, "आपण त्यांच्यातले नाय, थंय गेला तर चलात?" असं कोणाच्या दारात जाताना आमच्या घरात कोणी कधी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, चालेल. टॅक्सीने गेलो. ताईने तिच्यासाठी खुर्ची मांडली, पाणी दिलं. वंदनेच्या वेळी आई इतरांकडे बघून हात जोडून उभी राहिली, ध्यानात बहुतेक झोपली.

नंतर चहा घेताना ताईने तिला विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

आईने कप खाली ठेवला. "दोन चेडवां," ती म्हणाली. "थोरला गेला. ह्या धाकटा."

दोन मुली, थोरली गेली, हे बहीण गेल्यापासून आईने पहिल्यांदाच बाहेरच्या कोणाला सांगितलं. ताईने मान हलवली आणि तिचा हात हातात घेतला. मग दोघी नायगावच्या बाजारात मासळी हल्ली कशी मिळते यावर बोलत बसल्या, आणि मी सतरंज्या गोळा करायला उठले.