उलटी कुंची

देवाधर्माच्या बाबतीत माझं तोंड फार वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं मी सटवाईच्या पाया पडले नव्हते. पाचवीच्या रात्री ती येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते, असं आमच्याकडं सगळेच मानतात. मीही मानायची. माझं म्हणणं एवढंच होतं, की जी तीन आठवड्यांचंच आयुष्य लिहिते तिला हात कशाला जोडायचे? दुकानात गिऱ्हाईक बायका सटवाईची ओटी घेऊन आल्या की मी मान खाली घालून मशीन चालवत राहायची.

वडूजच्या पुढं आमचं सासरचं गाव. मला दिवस गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, मालक फौजेत, पार तिकडं बर्फात. शिवण नुकतंच शिकत होते. हौसेनं हिरव्या खणाची एक कुंची शिवली. बंद हनुवटीखाली यायला हवेत, ते मी मागं मानेशी लावून बसले. कानांजवळ गोंडे अडकवायला दोन लूप केले आणि गोंडे राहूनच गेले. सासूबाईंनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. म्हणाल्या, "अगं, ही उलटी कुंची कुणी शिकीवली तुला? हनवटीखाली बांधत्यात, मानंला न्हाई." घरात आठ दिवस त्यावर हसणं चाललं होतं.

मुलगी झाली. बारसं मालक रजेवर आले की करायचं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात तिची छाती भरली. जीपमधून कराडला आणताना श्वास घेतला की तिच्या बरगड्या आत जायच्या, आणि प्रत्येक श्वास मी मोजत होते. रस्त्यातच मोजायचं संपलं. सुतक फिटल्यावर मी गावाबाहेर लिंबाखाली सटवाईच्या दगडापाशी गेले, ती कुंची तिच्यावर फेकली आणि म्हणाले, "घे, घाल तुझ्याच डोक्याला." मागं वळून पाहिलं नाही. सटवाईला दिलेलं परत घरात आणायचं नसतं, आणलं तर ती मागोमाग येते म्हणतात. मला परत काही नकोच होतं.

पुढं आम्ही कराडशेजारी मलकापूरला आलो. मी शिवणाचं दुकान टाकलं, पोरगा झाला, मोठा होऊन पुण्याला गेला. असंच आयुष्य सरलं असतं. पण गेल्या वर्षी जवळच्या इस्पितळातल्या एक डॉक्टरबाई दुकानात आल्या. मूळच्या सांगलीच्या, बारीक चणीच्या, बोलायला गोड आणि चिकाटीला घोरपड. लहान बाळांच्या अतिदक्षता विभागात त्या काम करायच्या. त्यांनी पिशवीतून एक परदेशी टोपी काढली आणि म्हणाल्या, "काकू, अशी आपल्या बाळांना बसेल अशी शिवता येईल का?"

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. न्यूमोनियानं धाप लागलेल्या बाळाच्या घशात नळी घालून त्याला मोठ्या यंत्रावर ठेवण्याआधी एक सोपा उपाय असतो. नाकाशी दोन मऊ नळ्या लावायच्या, त्यातून हवा द्यायची, आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. बाटली सारखी बुडबुडत राहिली पाहिजे. बुडबुड थांबली, की नळी निसटली. ती नळी जागेवर धरायचं काम टोपीचं. बाहेरची टोपी महाग, शिवाय आपल्याकडच्या किरकोळ बाळांना ढगळ होते. इथंच, सुती कापडाची, कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्याला परवडेल अशी टोपी करायची, हे बाईंचं संशोधन. सांगलीच्या एका संस्थेनं त्यासाठी वर्षभराचा निधी दिला होता.

वर्ष संपत आलं आणि टोपी काही जमेना. मी किती तऱ्हेनं शिवली असेल! बाळ रडलं की हनुवटी हलायची, हनुवटी हलली की बंद ओढला जायचा, आणि टोपी डोळ्यांवर यायची. परवानगी देणारी समिती, आईबापांच्या सह्या, सगळं रीतसर होतं. नव्हती ती फक्त टोपी. शुक्रवारी सांगलीत संस्थेची बैठक होती. तोवर टोपी टिकली नाही तर निधी बंद, काम बंद. बाईंचा चेहरा पाहून मला राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमाराची गोष्ट. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गावाकडं जावेला मी निरोप दिला होता, की जुनं धुतलेलं मऊ सुती कापड असेल तेवढं पाठव. शटर अर्धं ओढून मी जेवायला बसणार, तोच शटरखालून एक म्हातारी आत आली. हिरवं लुगडं, हातात गाठोडं. वाकली कधी आणि आत आली कधी, मला कळलं नाही.

"गावावरनं आलीया. कापाड मागितलंवतंस न्हवं?"

मी म्हटलं, जावेनं पाठवली असेल. बसा म्हटलं, तांब्या पुढं केला. तिनं पाण्याला हात लावला नाही. माझ्या मशीनवर पडलेली टोपी उचलली, बंद चाचपले आणि म्हणाली, "हनवटी मोकळी ठिवावी लेकराची. रडाय तरी यावं."

"आवं, पण मग बांधायचं कुठं?" मी जरा तडकूनच विचारलं.

ती हसली नाही, रागावलीही नाही. जवळ आली आणि नखानं माझ्या कपाळावर एका कानाकडून दुसऱ्या कानाकडं रेघ ओढली. नख गार होतं. मी डोळे मिटले असतील, नक्की सांगता येत नाही. उघडले तेव्हा दुकानात मी एकटी होते आणि गाठोडं मशीनवर होतं. तांब्यातलं पाणी काठोकाठ तसंच होतं. मी बघत असताना त्यातून एक बुडबुडा वर आला.

गाठोड्यात जुने खण होते. घड्या उलगडत गेले आणि तळाशी माझी कुंची सापडली. तेच मागं लागलेले बंद, तेच बिनगोंड्यांचे लूप. माझा टाका मी ओळखते; डावीकडं तो अजूनही वाकडा पडतो. तीस वर्षं उन्हापावसात पडलेल्या खणाची चिंधीसुद्धा उरत नाही. हिचा रंग तसाच होता. आणि कपाळावर येणारी कड ओलसर होती, कोमट होती. बाळाच्या डोक्यावरून नुकतीच काढल्यावर असते तशी.

मी जावेला फोन लावला. ती म्हणाली, "आक्का, कापाड आत्ता कुठं धुऊन वाळत घातलंय. अजून कुणाबर पाठीवलं न्हाई. का वं?" मी काही नाही म्हणून फोन ठेवला.

मी भ्याले. उगीच शूरपणा सांगत नाही. परत आलेल्या वस्तूमागं ती येते, हे लहानपणापासून ऐकलेलं. इस्पितळात त्या दिवशी चार नंबरच्या खाटेवर खटावकडची एक मुलगी होती, चाळीस दिवसांची, आणि माझीच टोपी तिच्या डोक्यावर होती. मला वाटलं, ही हिला न्यायला आली. कुंची पिशवीत घातली आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावर सोडून यावी म्हणून चालायला लागले. पिशवी हलकी होती, पण हाताला तीन आठवड्यांच्या पोरीचं वजन लागत होतं. तेवढंच, ना जास्त ना कमी.

अर्ध्या वाटेवर इस्पितळातल्या सिस्टरचा फोन आला. "मावशी, टोपी परत सरकली ओ. चार नंबर थकलीया. बाई म्हणत्यात, अजून तासाभरात न्हाई जमलं तर घशात नळी घालायची."

मी रस्त्यात उभी राहिले. तीस वर्षं जिच्याशी अबोला धरला, तिच्याशी बोलले. मोठ्यानं बोलले असेन, कारण रसवंतीवाल्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. म्हटलं, बाई, तुझं लिहिणं मला खोडता येत नाही. तू ही माझी चूक जपून ठेवलीस आणि परत दिलीस, कशासाठी ते मला कळत नाही. पण मला शिवता येतं, तेवढं मी करते. पुढचं तुझ्याकडं. आणि मागं फिरले.

कुंची समोर ठेवून नव्या कापडाची तशीच बेतली. पाठीवरचा घोळ तेवढा गाळला. बंद मागं, डोक्याच्या फुगवट्याखाली. कानांशी दोन लूप, नळ्या ओवायला. शेवटच्या टाक्यापाशी मी पाय थांबवला, तरी चाक आणखी एक फेरा फिरलं. टोपी घेऊन धावत गेले. बाईंनी ती जंतू मारायला वाफेच्या यंत्रातून काढली, आधी बाहुलीवर बांधून, ओढून, हलवून पाहिली. मोठ्या डॉक्टरांना दाखवली, बाळाच्या आईला समजावून तिची पुन्हा सही घेतली. मग बांधली. मी काचेबाहेर उभी होते. पोरगी रडली. हनुवटी हलली, तोंड हललं, टोपी हलली नाही. बाटली बुडबुडत राहिली.

तासभर बाई खाटेपासून हलल्या नाहीत. मग बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काकू, बरगड्या आत ओढणं कमी झालं." मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. तीस वर्षांचं रडणं होतं, वेळ लागला. टोपी काढली तेव्हा त्या मुलीच्या कपाळावर कडेची एक बारीक रेघ उमटली होती, कानापासून कानापर्यंत. माझ्या कपाळावर मी आपोआप हात नेला.

शुक्रवारी बाई मला सांगलीला घेऊन गेल्या. टेबलामागं चारजण, समोर बाहुली, शेजारी बाटली. मी बांधून दाखवली. एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "बंद मागं घ्यायची कल्पना कुणाची?" मी म्हटलं, "कल्पना कसली, चूक हाय ती. सासूबाईंनी तवाच सांगितलं होतं, उलटी हाय म्हणून." सगळे हसले. त्यांनी आणखी दोन वर्षांचा निधी देऊ म्हटलं आणि फॉर्म पुढं ओढला. टोपीला काही नाव हवं होतं. बाई माझ्याकडं बघायला लागल्या.

बारशाला बाळाच्या कानात सांगायचं म्हणून एक नाव मी मनात धरून ठेवलं होतं. मालकांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बारसंच झालं नाही, मग सांगायचं कुणाला? मी बाहुलीच्या कानाशी वाकले. चारजण बघत होते, मला लाज वाटली नाही. मग सरळ होऊन त्या गृहस्थांना म्हटलं, "लिहा. मंजुळा."

रविवारी गावी गेले. लिंबाखाली गुरवीण झाडत होती. तिला विचारलं, पूर्वीची कापडं ठेवता का? ती म्हणाली, "दर साली जाळून टाकतो, आक्का. ठिवून करायचं काय?" मी पिशवीतून कुंची काढली. कड आता कोरडी होती. दगडाला घातली, बंद मागून बांधले, ओटी भरली आणि पाया पडले. माफी मागायला गेले होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "पोरीला थंडी लागू देऊ नको." आता तिथं एक दुरडी ठेवली आहे. बायका ओटीच्या खणाबरोबर धुतलेलं सुती कापडही टाकतात, ते माझ्याकडं येतं.

ती म्हातारी कोण होती, हे मी कुणाला पटवत बसत नाही. कपाळावरचा लेख तिच्या हातात आहे, हे आता न भांडता मानते. माझ्या हातात सुई आहे, तीही तिनंच दिली असेल. दुपारी बाराला मी शटर अर्धंच ओढते आणि तांब्या भरून ठेवते. जेवायला बसलं की हमखास फोन वाजतो. परवा लोणंदच्या दवाखान्यातून एक अनोळखी सिस्टर बोलत होती. "मावशी, तुमची मंजुळा लय गुणाची हाय ओ. अजून चार मंजुळा पाठवा."