भावोजींची वाईन आणि ताईचा मसाला

माझ्या ताईच्या नवऱ्याइतका हुशार मूर्ख मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर मी घर बदलीन. भावोजींनी आयुष्यभर ट्रॉम्बेला प्रयोगशाळेत मोजमापं केली. निवृत्त होऊन नाहूरच्या घरी बसले आणि मुलाने फ्रान्सहून एक बाटली आणली. झालं, वाट लागली! दक्षिण फ्रान्सची तांबडी वाईन, तीन द्राक्षांची: ग्रनाश, सिरा आणि मूर्वेद्र. ही नावं ते सख्ख्या आत्यांची घ्यावीत तशी घेतात. "ग्रनाश गोडवा देते, सिरा मिरीसारखी चुरचुरते, मूर्वेद्र दोघींना धरून ठेवते." बाटली बरोब्बर वीस मिनिटं फ्रिजमध्ये, आणि तिला जागा म्हणून ताईची सोलकढी बाहेर ओट्यावर. ग्लास हातात आला की प्यायचा नाही, आधी हुंगायचा. "काय जाणवतं?" मला एकदा विचारलं. "माहुलची रिफायनरी," मी म्हटलं. आठवडाभर माझा फोन घेतला नाही.

इथवर ठीक होतं. माणसाला काहीतरी खूळ हवंच ना! पण मग ह्या वाईनबरोबर काय जमतं ह्याचे प्रयोग सुरू झाले, तेही ताईच्या स्वयंपाकघरात. तिरफळं घातलेला बांगडा नापास. लोखंड चाटल्यासारखं लागतं म्हणे. भाजलेलं वांगं पास, काळ्या वाटाण्याची उसळ पास, अळंबी पहिल्या वर्गात. आणि ताईची सागोती, जिच्यासाठी आमचे नातेवाईक बोरिवलीहून धावत येतात, ती नापास! "मटण उत्तम गं, पण तिखटाने दारूच पुढे येते, फळ मागे पडतं. मिरची कमी कर." ताई म्हणाली, "मिरची कमी करायची तर मटण कशाला, पेजच करते." मला वाटलं, विषय मिटला.

आमच्याकडे वर्षाचा मसाला मे महिन्यात एकदाच होतो. ताई मिरच्या वाळवून, सगळं भाजून पिशव्या भरते आणि भावोजी डंक्यावर जाऊन कुटून आणतात. गेल्या वर्षी ह्या गृहस्थाने वाटेत लवंगी मिरचीची पिशवी काढून टाकली आणि तेवढीच बेडगी घातली. रंग लालभडक, तिखट नावाला! वर्षभर ताईचं जेवण मिळमिळीत. ती चमच्यामागून चमचा मसाला वाढवायची, रस्सा आणखी लाल व्हायचा, बस्स. पाहुणे तोंडदेखलं छान म्हणायचे आणि लवकर हात धुवायचे. एकदा ती मला हळूच, आमच्या मालवणीत म्हणाली, "हात गेलो रे माझो. आवशीन शिकवलला सगळा इसारलंय." डोळ्यांत पाणी होतं. दिवाळीनंतर तिने कोणाला जेवायला बोलावणंच सोडलं. आणि हा माणूस शेजारी बसून ग्लास हुंगत होता!

माझ्या वाढदिवसाला तिने फक्त मला बोलावलं. दुसऱ्या ग्लासाला भावोजी खुलले. "बघ, सागोतीबरोबर कशी जमते! जमणारच. मसाल्यात लवंगी घातलीच नाहीये मी." ताई वडे वाढत होती, ती थांबली. "म्हणजे वर्षभर तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, प्रयोग होता."

"ती रडत होती तेव्हा तुमचं फळ पुढे होतं की मागे?" मी असा ओरडलो की शेजारच्यांनी दार उघडलं. भावोजींचा चेहरा पडला. त्यांच्या खरोखरच लक्षात आलं नव्हतं. वाईनमधली मिरी ओळखणाऱ्याला बायकोचा उतरलेला चेहरा दिसू नये, ह्याचा मला अजून संताप येतो.

यंदा मे महिन्यात ते तोंडाला रुमाल बांधून दोन तास डंक्यापुढे उभे राहिले, दुप्पट लवंगी घेऊन. परवाच्या रविवारी सागोती खाताना त्यांच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ग्लास त्यांनी स्वतःच बाजूला सारला आणि आणखी रस्सा मागितला. मला हसू आलं. काय करणार, आपलाच माणूस.

पण वाढण्याआधी ताईने मला ओट्यापाशी बोलावलं होतं. वाटीत थोडा रस्सा दिला आणि विचारलं, "नीट झालाय ना रे?" सगळ्या आयुष्यात तिने मला हे कधी विचारलं नव्हतं. "झकास झालाय," मी म्हटलं. तरी तिने पुन्हा एकदा चाखून बघितला.