धडधाकट पोरगी

मेमसाबनं माझ्या पोरीनं विणलेला मफलर दोन बोटांत धरला आणि सतरंजीच्या बाहेर टाकला.

"ये बीमार घर का है. जवानों को नहीं जाएगा."

एकाहत्तरची लढाई सुरू होती. जबलपूरच्या आमच्या कारखान्यात बारा-बारा तास काम. रविवारी अफसरांच्या बायका हॉलमध्ये बसून जवानांसाठी आलेलं विणकाम गोळा करत. मी मजूर, गठ्ठे बांधायला होतो. सुशी नऊ वर्षांची. सगळ्या बायका तिच्याकडे पाहून राहिल्या होत्या.

सुशीच्या भावाच्या, आमच्या राजूच्या, काळजाची झडप खराब होती. लागणारा रोग नव्हता. मला माहीत होतं. तरी मी म्हणालो, "जी, मेमसाब." आणि गठ्ठा बांधला.

रस्त्यात सुशी म्हणाली, "बाबा, मी धुतला होता ना. दोनदा."

मी भराभर चालत राहिलो.

घरात दूध राजूला, संत्रं राजूला. बायको सगळ्यांना सांगे, "सुशीचं काही पाहावं लागत नाही." मीही मान हलवायचो.

चार दिवसांनी सुशीच्या काखेत कांदा सापडला. त्यानं ताप चढतो म्हणे. बायकोनं थापड मारली.

"काहून केलं हे?"

"मला पण दवाखान्यात न्या ना."

मी खुंटीवरून तिचा मफलर काढला, नीट घडी घातली.

रविवारी तिला घेऊन हॉलवर गेलो. मेमसाबला म्हणालो, "बीमार लड़का है. लड़की नहीं. इसका मफलर जाएगा, नहीं तो मैं गठ्ठा नहीं बांधूंगा."

"तमीज़ से बात करो!"

"तमीज से ही बोल रहा हूं जी."

मफलर गेला नाही. मला शिक्षा म्हणून भट्टीच्या कामावर टाकलं. त्याचं दुःख नाही.

दुःख पुढचं आहे. चौदाव्या वर्षी राजू गेला. लोक बायकोच्या गळ्यात पडले, कोणी माझ्या पाठीवर हात ठेवला. सुशी मोरीत चहाचे कप धूत होती. तिच्याजवळ कोणी गेलं नाही. मीही नाही. मेमसाबला बोललो, आणि घरी येऊन तेच केलं.

मागच्या महिन्यात बायको गेली. तेरवीला सुशी, केस पिकलेली, पंगत वाढून राहिली होती. मी तिच्या हातून पळी घेतली. म्हणालो, "बस, पोरी. आई तुझीही गेली." ती बसली नाही. सवयच नाही तिला. ती सवय मी लावली.

आता मोहल्ल्यात कोणाचं लेकरू आजारी असलं की मी जातो. पहिले त्याच्या भावाबहिणीपाशी बसतो. घरचे म्हणतात, "काका, बीमार तो उधर है."

म्हणू द्या. मी तिथून उठणार नाही.