जावयाची मच्छरदाणी

खानापूरच्या वाटेवर, भाताच्या खाचरांना खेटून आमचं घर. तिथले डास एवढे दांडगे, की चौघांनी मिळून गोठ्यातलं रेडकू उचलून न्यावं. माझं तीन वर्षांचं पोर त्यांनीच धरलं. एक दिवसाआड हिवताप. तीन गोधड्या घालून वर मी बसलो तरी खाट माझ्यासकट अंगणापर्यंत थडथडत जायची. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तापावरचं कडूजहर कोयनेल दिलं आणि बजावलं, भात कापून खाचरं सुकेपर्यंत पोराला मच्छरदाणीतच निजवा.

मच्छरदाणी घरात होती. बेळगावच्या कॅम्पात एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ती घेतलेली. पण ती जावयाची. आक्काचा नवरा निपाणीहून आला की पेटीतून निघायची, तो गेला की परत पेटीत.

"तू काय मच्छरदाणीत वाढलास व्हय रं?" म्हणून आप्पांनी माझं तोंड बंद केलं.

नेमके तेव्हाच दाजी आले. तंबाखूचे व्यापारी, देह असा, की त्यांच्या पाठीवरून निघालेल्या डासाला पोटाशी यायला मुक्काम करावा लागेल. ते पांढऱ्या जाळीत देवासारखे घोरायचे आणि बाहेर माझं पोर कुडकुडायचं. मी इतका जळत होतो, की माझ्यावर भाकरी भाजली असती.

शेवटी दाजींना एकटं गाठून सांगितलं, की तो साहेब ह्याच जाळीत मेला, आणि अजून पहाटे येऊन तिची कड गादीखाली खोचून जातो. दाजींनी पान चघळत सगळं ऐकलं.

"मग एकट्यानं कसं झोपू, पाव्हणं? मला लई भ्या वाटतंय. पोराला द्या सोबतीला."

जावयाचा शब्द आप्पांना मोडवेना. पोर जाळीत गेलं. पंधरा दिवसांत ताप हटला, पण कोयनेल ते आता दाजींच्याच हातून घ्यायचं. माझ्या हातून थुंकायचं.

मग दाजींनी गाडी जुंपायला सांगितली. भात अजून उभंच होतं. पोराला जाळीतच ठेवा म्हटलं तर आप्पा जावयासमोर व्हय म्हणतील आणि गाडी वळली की जाळीची घडी घालतील, हे मला आणि दाजींना दोघांनाही ठाऊक.

"दाजी," मी म्हणालो, आणि एवढं कडू माझ्या तोंडातून कधी निघालं नव्हतं, "कापणीपतूर राव्हा की."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोराकडं, आणि सोप्यात परत बसले. पोर धावत जाऊन त्यांच्या मांडीवर चढलं. मी गाडीतनं त्यांचं बोचकं उतरवत राहिलो.