मंदा वहिनींच्या बंदुकीतली बारूद

सध्या माझी पोस्टिंग मिहानमध्ये आहे. एका कंपनीचं गेट नंबर दोन, गार्डची ड्युटी दुपारी दोन ते रात्री दहा. त्याआधी बावीस वर्षं फौजेत काढली, इन्फंट्री बटालियनमध्ये आर्मरर हवालदार म्हणून. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे बॉर्डरवर छाती काढून उभा. मी कोतमध्ये बसायचो. कोत म्हणजे हत्यारांची खोली. रायफली खोलायच्या, पुसायच्या, तपासायच्या, रजिस्टरमध्ये सही करायची. यात कसली आली बहादुरी, असं माझी बायको आजही म्हणते.

रिटायर झाल्यावर माझा संबंध एकाच बंदुकीशी उरला. बुटीबोरीच्या पुढे आतल्या एका खेड्यात मंदा वहिनी राहतात. माझा बटालियनमधला दोस्त नायक वसंता, त्याची ही बायको. वसंता ड्युटीवर एका चकमकीत शहीद झाला, त्याला नऊ वर्षं झाली. पाच एकर शेत वहिनीच करतात. हरभरा वर आला की रोही येतात. शहरात त्याला नीलगाय म्हणतात. नाव गाईचं, पण ते घोड्याएवढं हरीणच समजा. एका कळपाने तीन वर्षांपूर्वी अर्धं शेत साफ केलं. सासऱ्यांची पीकरक्षणाची ठासणीची बंदूक होती, तिचं लायसन वहिनींच्या नावावर झालं. रोह्यांसाठी वनखात्याची लेखी परवानगीही मिळाली. चितळाकडे मात्र नळीसुद्धा फिरवायची नाही, हे मी दहादा बजावलं.

ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी बारूद ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची; घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते. मी वहिनींना दोन रविवार शिकवलं. बारूद काळीच आणि लायसनवाल्या दुकानातलीच. दाणा भरड पाहिजे, बारीक दाणा एकदम भडकतो. मोजायला पितळी माप करून दिलं. सपाट भरायचं, शीग नको. गोळी नळीपेक्षा किंचित लहान, चिंधीसकट अंगठ्याच्या जोराने आत गेली पाहिजे. हातोडी घ्यावी लागली तर ती गोळी आपली नाही. आणि शेवटचं, बंदूक भरली की मला फोनवर रिपोर्ट द्यायचा.

"रोह्याच्या मांगं जायाले भी परेड काय भाऊजी?" वहिनी हसल्या होत्या.

"हो, परेड," मी म्हटलं. मला हत्याराच्या बाबतीत मस्करी चालत नाही.

गेल्या हिवाळ्यात, संध्याकाळी 17:40 ला फोन आला. मी गेटवर चहा घेत होतो.

"भाऊजी, भरली."

"कुठे आहात?"

"मचानावर."

"बारूद?"

"एक माप. या वक्ती नवी आहे. दिनकरनं आणली." दिनकर त्यांचा धाकटा भाऊ. "लय चोख आहे. हातच काळे होत नाहीत."

मी चहा खाली ठेवला. काळ्या बारुदीने हात काळे झाल्याशिवाय राहत नाहीत.

"दाणा कसा आहे?"

"चपटा. टिकल्यांसारखा. राखाडी."

"गोळी?"

"घट्ट होती. दिनकरनं ठोकून बसवली."

ती काडतुसातली, बिनधुराची बारूद होती. तिचा दाब काळ्या बारुदीच्या कितीतरी पट. त्या मापाने भरली तर जुनी नळी फाटणारच. फाटली तर वहिनींचा डावा हात आणि तोंड त्याच जागी होतं.

"वहिनी, बंदूक चालवायची नाही."

"रोही आले भाऊजी. सात आहेत. हरभऱ्यात शिरून राहिले." त्या कुजबुजत होत्या.

"शिरू द्या. बोट चापापासून दूर."

"एकच बार करू द्या."

"वहिनी, हुकूम आहे."

बावीस वर्षांत मी कोणाला इतक्या कडक आवाजात बोललो नव्हतो.

"बरं. सांगा."

"फोन स्पीकरवर टाका. दिनकर कुठे आहे?"

"खाली."

"त्याला दूर पाठवा. नळी आभाळाकडे. घोडा अंगठ्याने दाबून धरा. आता हळू मागं घ्या. सोडू नका. टोपी काढा."

"निघत नाही."

"नखाने. घाई नको."

मी गेटवरची गाडी थांबवून ठेवली होती. ड्रायव्हर हॉर्न देत होता. देऊ दिला.

"निघाली," वहिनी म्हणाल्या. "मुठीत आहे माह्या."

"घोडा हळूच खाली सोडा. बंदूक तिथंच ठेवा. खाली उतरा."

17:46 झाले होते. मी स्टुलावर बसलो आणि ड्रायव्हरला हात जोडले.

गेट दुसऱ्या गार्डच्या ताब्यात देऊन मी बाईक काढली. 18:35 ला वहिनींच्या अंगणात पोचलो. मचानावरून बंदूक खाली आणली, मागचा भाग खोलला, नळीत तेल सोडलं. पेचाचा गज गोळीत फिरवून ओढायला पंचवीस मिनिटं लागली, इतकी ती अडकली होती. ताटलीत राखाडी टिकल्या पडल्या. दिनकर बघत होता.

"कुठून आणली?"

"दोस्तानं काडतुसं कापून देली. बारूद ते बारूदच ना भाऊजी? दोन दिवस ताईचे हात काळेच राहतात, म्हणून म्हटलं..."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. नळी कशी फाटते ते सांगितलं. तो पांढराफटक पडला. मग मलाच त्याची दया आली. बहिणीचे हात स्वच्छ राहावेत म्हणून त्याने हे केलं होतं, त्याला काय बोलणार. वहिनी मात्र हसू लागल्या, थांबेचनात. दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "पाय रे दिनकर, दहाची दहा बोटं आहेत." आम्ही तिघंही हसलो. जीव भांड्यात पडला होता.

जेवायला बसलो. भाकर वाढून वहिनी भिंतीवरच्या वसंताच्या फोटोकडे पाहत तिथेच बसल्या.

"भाऊजी, एक विचारू? यायची रायफल तुमच्यापाशीच जमा झाली होती ना?"

"हो."

"अटकली होती काय? तेरवीले लोकं म्हणत होते, बंदूक चाललीच नाही म्हणून गेला. तपासनारे तुम्ही. म्हणून कधी विचारलं नाही."

नऊ वर्षं ही बाई हे मनात ठेवून होती आणि तरी दर वेळी मला रिपोर्ट देत होती.

"तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी 16:10 ला आली माझ्याकडे," मी सांगितलं. "मॅगझिनमध्ये दोन राउंड, चेंबरमध्ये एक. बाकी सगळे त्यानं चालवले होते. मी तीनदा खोलून पाहिली. मलाही तीच भीती होती, वहिनी. मग रेंजवर नेऊन स्वतः चालवली. एकदाही अटकली नाही."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"वाटलं, तुम्हाला हत्याराचं काय ऐकवायचं."

वहिनी रडल्या. आवाज न करता, बराच वेळ. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "चालली म्हणजे. बरं झालं." माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. ते इतकं जड आहे, हे मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं.

नायक वसंता चौतीस वर्षांचा होता. त्याच्या रायफलीपुढे कोतच्या रजिस्टरमध्ये मी जे लिहिलं होतं, ते वहिनींनी मला दोनदा म्हणायला लावलं: हत्यार साफ, चालू हालतीत जमा.