रूथअक्काचा कागद

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पाळकसाहेबांपाशी नाही. देवाला एकदा सांगितलं, पण तेही कसं — रविवारी सगळे मिळून पापकबुलीची प्रार्थना म्हणतात ना, त्या गर्दीत, तोंडातल्या तोंडात. तिथं सगळ्यांची पापं घाऊक जातात. हे माझं किरकोळीचं आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. बसा जरा.

मी सुधाकर. मूळचा बेळगावकडचा, नोकरीसाठी बेंगळुरात आलो आणि इथलाच झालो. कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात होतो. स्वतः मोजल्याशिवाय एका बोल्टावर शिक्का मारला नाही — ही बढाई नाही हं, पुढं ती माझ्याच अंगावर येणार आहे. रिटायर झालो आणि आमच्या मेथडिस्ट मंडळ्यांच्या गटाचा सेक्रेटरी झालो. गावभर पसरलेली पाच चर्चं, त्यांच्या पाच मंडळ्या, भाषा चार आणि मतं माणशी दोन.

मागच्या वर्षी पाळकसाहेबांनी ठरवलं, की पाची मंडळ्यांनी एकदा नीट विचार करायचा — आपण आहोत कशासाठी, आणि आधी काय करायचं? एरवी हे कमिटीत ठरायचं. कमिटीत पहिला नंबर कायम गळक्या छताचा, दुसरा माईकचा. माणसाचा नंबर यायच्या आत चहा यायचा. म्हणून या खेपेला घरोघरी जायचं, विचारायचं, आणि माणूस बोलेल तसं त्याच्याच शब्दांत उतरवून आणायचं. एका घराला एक कागद. बनशंकरीतली अकरा घरं माझ्याकडं आली. दहा मी केली. दहा घरी दहा कॉफ्या प्यायलो, शपथेवर सांगतो.

अकरावं घर रूथअक्काचं.

अक्का म्हणजे शाळेतली जुनी गाण्याची बाई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आता गुडघ्यांवर ढकलू का? नको. गुडघे माझे ठणठणीत होते. मला तिची भीती वाटायची. एका नाताळाच्या तालमीत ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "सुधाकर, तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून मी चर्चमध्ये ओठच हलवतोय. बायकोलाही माहीत नाही.

फोन करून कळवलं होतं, शनिवारी चारला येतो म्हणून. गेलोही. जिन्यापाशी उभा राहिलो, तर वरून पेटीचे सूर. म्हणजे आता बसवणार, सूर लावायला सांगणार, आणि मग तोंडावर काय बोलेल काय की! साठी उलटलेला बाप्या मी — वळलो. समोरच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात शिरलो, कॉफी 'स्वल्प स्ट्राँग' सांगितली, आणि तिथल्या उभ्या टेबलावर अक्काचा कागद मीच भरला.

काय लिहिलं? सांगतो. लाज वाटते, पण पाठ आहे. 'आम्ही एकटी म्हातारी माणसं दाराकडं डोळे लावून बसतो. कुणी यावं, दोन शब्द बोलावे, चार फळं आणावी, प्रार्थना करावी. आम्हाला दुसरं काही नको.' इतकं चांगलं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. खाली तिचं नाव घातलं. आणि त्या वेळी ती खरोखरच दाराकडं डोळे लावून बसली होती — माझ्यासाठी.

मग कोरमंगलाला पाची मंडळ्यांची सभा भरली. पाळकसाहेबांनी सगळे कागद वाचले आणि अक्काचा मुद्दाम शेवटी ठेवला. नावासकट वाचला. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. यशवंतपूरचे खजिनदार, जे छताशिवाय बोलत नाहीत, तेही नाक शिंकरत उठले आणि म्हणाले, छत राहू दे. एकमतानं ठराव झाला: पहिलं काम, एकट्या वृद्धांच्या भेटी. अक्का तिसऱ्या रांगेत होती. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. एक वाक्य बोलली असती तर माझी सेक्रेटरीगिरी तिथंच संपली असती. मी काय केलं? ठराव लिहून घेतला.

भेटींच्या पाळ्या कुणी लावल्या असतील? मीच. आणि लोक गेले हो! अक्काला साखरेचा त्रास, आणि पाची मंडळ्या केळी घेऊन जिना चढायच्या. सोमवारी महिला मंडळ, बुधवारी यशवंतपूरवाले, शनिवारी कोरमंगलाची पोरं गिटार घेऊन. ती चहाला उठली की सगळे ओरडायचे, अक्का, उठू नका. गुडघ्यावर शाल घालायचे, बेंगळुरातल्या मेमध्येसुद्धा. फळांची टोपली ठेवायला घरात एकच सपाट जागा — पेटी. त्यामुळं पेटी बंद.

तीन महिन्यांनी माझीच पाळी आली. एकेचाळीस पायऱ्या, मोजल्या. अक्कानं दार उघडलं. "त्या शनिवारचा निघालेला आत्ता पोचलास होय?" म्हणाली. मी केळी पुढं केली. दुसरं काय करणार?

तिनं बसवलं, चहा दिला, आणि टोपली उचलून पेटीतून एक कागद काढला. त्या शनिवारसाठी लिहून ठेवलेला, शाळेच्या फळ्यावरच्यासारख्या अक्षरात. पाची मंडळ्यांतल्या कुणालाही ती पेटी शिकवणार, आठवड्यातून तीन दिवस. 'मी खाली येईन. मला जिने चढता उतरता येतात. मला भेटायला येऊ नका, मला काम द्या.' शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा.

मी विचारलं, सभेत का बोलला नाहीत? तर म्हणाली, "दहा घरं तू खरी केलीस ना? मी उठले असते तर तीपण खोटी ठरली असती." मग कागद माझ्या हातात दिला. "कसा द्यायचा ते तू बघ." मी म्हटलं, सरी, बरं अक्का. पुढच्याच बैठकीत देतो.

पण दुसरा कागद द्यायचा तर पहिला कुठून आला, हे सांगावं लागतं — बरोबर ना? तिथं माझी गाडी अडते. त्या बैठकीत अडली. पुढच्या बैठकीतही. नंतरच्या चारांतही.

गेल्या महिन्यात अक्कानं पेटी चर्चला देऊन टाकली. तिला घरात जागा नाही म्हणाली, केळ्यांनाच पुरत नाही. आता पेटी माझ्या टेबलाशेजारी असते. वाजवता कुणाला येत नाही. सपाट आहे, म्हणून मी तिच्यावर फायली ठेवतो. त्यातल्याच एकीत तळाशी अक्काचा कागद आहे आणि वर वार्षिक अहवाल. त्यात मी लिहिलंय की पहिलं काम उत्तम चाललं आहे, रूथअक्काकडची एकही पाळी चुकलेली नाही.

या शनिवारी परत माझी पाळी आहे. केळी आणून ठेवलीत.