बाजूलाकाका

हल्ली संध्याकाळी माझा जप आटोपला की धाकटे दीर मागच्या खोलीतून हाक मारतात, "वहिनी, एखादं पान काढा." मग मी जुन्या वह्यांतली एखादी उघडते आणि वाचून दाखवते. वर देवाचं नाव, खाली तारीख, मग त्या दिवशी कोण आलं-गेलं, काय शिजवलं, कोण कुणावर रुसलं. भावोजींना आता दिसत नाही. पण पानातली तारीख ऐकली की ते लगेच सांगतात, त्या दिवशी ऊन कसं होतं.

भावोजी इमारतींचे फोटो काढत. माणसांचे नाही, लग्नकार्याचे नाही, फक्त नव्या इमारतींचे. शहरात काचेचे मनोरे उठायला लागले त्या सुमारास एका आर्किटेक्टच्या ऑफिसात त्यांना नोकरी लागली, ती एकतीस वर्षं टिकली. साहेबांचा नियम एकच, फोटोत इमारत एकटी पाहिजे. सायकल नको, वाळत घातलेला टॉवेल नको, कुत्रं नको, माणूस तर नकोच. त्यामुळे भावोजींचं निम्मं आयुष्य "जरा बाजूला व्हा" म्हणण्यात गेलं. सवयच ती; जेवताना पातेलं पुढे ओढायचं असलं तरी तोंडून तेच निघायचं. माझ्या मुलांनी त्यांचं नाव बाजूलाकाका पाडलं. पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणायला लागले.

मी या घरात आले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. कामाला निघताना अंगावर सगळं काळं. काचेच्या भिंतीत फोटो काढणाराच उमटतो, आणि तोही नको. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "निघाला आमचा कावळा. बघ हो, कुठल्या तरी खिडकीवर बसून राहशील."

"बसेन की. वरून बरं दिसतं."

एकदा डबा विसरले म्हणून मी तो घेऊन गेले. नव्या ग्रंथालयासमोर तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा लावून, काळ्या कापडात डोकं खुपसून ते उभे होते. मला बघताच म्हणाले, "वहिनी, जरा बाजूला. तुमची सावली पायरीवर पडतेय." मग काम झाल्यावर त्यांनी मला कापडाखाली बघायला लावलं. आतल्या काचेवर सगळं उलटं. ग्रंथालय आभाळातून खाली लोंबत होतं आणि माणसं रस्ता डोक्यावर घेऊन चालली होती.

"हे असंच दिसतं?"

"दिवसभर असंच."

"मग घरी येऊन सरळ कसे वागता तुम्ही?"

"कुठे वागतो? आईला विचारा."

सुट्टीच्या दिवशी ते चित्रं काढत. कॅमेऱ्याचं सामान ज्या खोक्यांतून यायचं त्यांच्या प्लायवुडच्या फळ्यांवर. खोलीला टर्पेंटाइनचा वास कायमचा लागला होता. तो अजून दमट हवेत भिंतीतून येतो आणि मला ते दिवस जसेच्या तसे आठवतात. चित्रं मात्र आमच्या डोक्यावरून जात. एका बाईच्या बादलीतून चंद्र सांडतोय. एक जिना ढगात शिरलाय आणि त्यावर धोब्याचं गाठोडं एकटंच चढतंय. हे म्हणायचे, "अरे, सरळ एखादी फुलदाणी काढ की. पाहुणे विचारतात, मी काय सांगू?"

"सांग, भावाचं डोकं फिरलंय."

"ते त्यांना माहीत आहे. चित्राचं विचारतात."

एक चित्र त्यांनी माझ्या देवाच्या कोनाड्यासमोर टांगलं. एक आजोबा बाकासकट आभाळात तरंगतायत, पेपर वाचतायत आणि पेपरातून मासे गळतायत. जपाला बसले की मिटल्या डोळ्यांपुढे मासेच. मी ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

"वहिनी, मासे कुणी केले?" भावोजींनी विचारलं.

"देवाने."

"मी फक्त त्यांची जागा बदलली."

तरी दोन दिवस मी चित्र तसंच उलटं ठेवलं, मग गुपचूप सरळ केलं.

निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा त्यांचा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा मंदावत चालला होता. डॉक्टर म्हणाले, "वर्षभरात जे पाहायचं ते पाहून घ्या." नेमकं तेव्हाच ऑफिसने त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. थोरले साहेब वारले होते, कारभार त्यांच्या मुलीकडे होता. भावोजींनी त्यांना विचारलं, फोटोंच्या शेजारी माझी चित्रं लावता येतील का. बाई नरमाईने म्हणाल्या, "काका, इमारती बघायला येणारे लोक, त्यांना मासे कसे दाखवायचे? ते नाही जमणार." भावोजी "बरं" म्हणाले आणि घरी आले.

त्या दिवशी ताटावर बसून ते नुसता घास चिवडत होते. मग मला म्हणाले, "दोन्ही एका भिंतीवर एकदा बघायचं होतं, वहिनी. अर्धं इथे आणि अर्धं तिथे राहिलं."

अर्धं म्हणजे काय, ते मला उमजेना. फोटो ते फोटो आणि चित्रं ती चित्रं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या फोटोंच्या पाकिटांवरच्या तारखा बघत वह्या काढून बसले. ग्रंथालयाच्या दिवशीचं पान सापडलं. 'भावोजींना डबा पोचवला. घरी चिडून आले. दारातल्या बाकावरून एका आजोबांना पाच वेळा उठवावं लागलं. म्हणाले, बसायला बाक करायचा आणि बसलं की उठवायचं.' पुढच्याच आठवड्याचं पान, 'माशांचं चित्र कोनाड्यासमोर लावलंय. देवा, मला शांती दे.'

मी फोटो उचलला. बाक रिकामा होता. कोनाड्यासमोर गेले. बाक तोच, आजोबा त्यावर.

मग मला धीर निघेना. बादलीवाली बाई बँकेच्या पायऱ्या धूत होती, गाठोडं नव्या हॉटेलच्या जिन्यावर पडलेलं होतं. सगळे माझ्या वहीत होते आणि एकही फोटोत नव्हता. मी भावोजींना विचारलं, "बाजूला केलेली सगळी माणसं तुम्ही इथे आणून बसवलीत?"

ते नखातला रंग कोरत राहिले. "कुठेतरी जागा नको का त्यांना?"

बाई फोटो निवडायला घरी आल्या त्या दिवशी मी पुढच्या खोलीत फोटो मांडले आणि प्रत्येकाखाली त्याचं चित्र ठेवलं. भावोजी म्हणाले, "वहिनी, राहू दे, त्यांना वेळ नाही." मी ऐकलं नाही. वही घेऊन एकेक पान वाचलं. बाई घड्याळाकडे बघत ऐकत होत्या. पहिल्या मनोऱ्याच्या फोटोपाशी आलो. खाली चित्रात एक वॉचमन देवमाशाच्या पाठीवर खुर्ची टाकून किल्ल्यांचा जुडगा वाजवत बसलेला. बाई खाली वाकल्या. खुर्चीच्या एका पायाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती.

"ही खुर्ची," त्या म्हणाल्या. "शाळा सुटली की बाबा येईपर्यंत मी हिच्यावर बसायचे. हे मला किल्ल्या मोजायला शिकवायचे." त्या तिथेच जमिनीवर बसल्या. "यांचा फोटो कुणाकडेच नाही, काका. त्यांच्या घरीसुद्धा नव्हता."

"साहेबांनी बाजूला करायला सांगितलं," भावोजी म्हणाले. "मी केलं."

बाईंनी पदराने डोळे टिपले, मग चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हा कावळा? सगळ्या चित्रांत आहे."

"तो फोटो काढणारा," मी म्हणाले.

प्रदर्शन त्याच मनोऱ्याच्या तळमजल्यावर लागलं. फोटो, शेजारी चित्र, फोटो, शेजारी चित्र. भावोजी माझ्या थोरल्याचा हात धरून, भिंतीला नाक लागेल इतकं जवळ जाऊन बघत होते. वॉचमनच्या चित्रासमोर गर्दी होती. सफाईवाल्या बायका, लिफ्टवाला, दोन साहेब, सगळे खेटून उभे. थोरला म्हणाला, "जरा बाजूला व्हा, काकांना बघू द्या."

भावोजींनी त्याचा हात दाबला. "नको. असू देत. कुणी हलू नका." आणि ते मागेच उभे राहिले. त्यांना त्या डोक्यांमधून काय दिसलं असेल, ठाऊक नाही.

प्रदर्शनाच्या दिवशीचं पान मी आता वरचेवर वाचते, कारण त्यांना तेच हवं असतं. शेवटची ओळ झाली की म्हणतात, "सगळं लिहिलंत. एक राहिलं."

"काय?"

"तिसरा फोटो बोटभर तिरका लावला होता."